दहा हजार लिटरची रंगीत तालीम

आधीच सांगून ठेवतो, नियोजनात माझा हात धरणारा आमच्या गल्लीत कोणी नाही. शेजारच्या गल्लीतही नाही. लोक प्रवासाला निघताना बॅगा भरतात. मी आधी बॅगांची यादी करतो, मग यादीची प्रत काढतो आणि ती प्रत कुठे ठेवली हे तिसऱ्या कागदावर लिहितो. बायको म्हणते, "वेळीच कोणीतरी तुमचा हात धरायला हवा होता!" पण तिच्या बोलण्याकडे मी फारसं लक्ष देत नाही. म्हणजे त्या शनिवारपर्यंत देत नव्हतो.

आमची गल्ली बारा घरांची. मोठ्या रस्त्यावरून आत शिरलं की उतार लागतो, मध्ये एक वळण येतं, आणि वळणापुढे गल्ली खाली खाली जात एका उंच भिंतीला टेकून संपते. तिथे अगदी तळाशी समोरासमोर दोन घरं. अकरा नंबर माझं आणि बारा नंबर शिवणकाकूंचं. वर काकू राहतात, खाली त्यांचं शिवणकामाचं दुकान. पायाने चालवायची चार मशीनं, कापायचं एक लांबलचक टेबल आणि गळ्यात टेप घातलेल्या काकू.

आता गेली काही वर्षं पावसाला काय झालंय कोण जाणे! पूर्वी दिवसभर रिपरिप करणारा पाऊस हल्ली तासाभरात सगळा ओतून मोकळा होतो. मग मोठ्या रस्त्यावरचं पाणी आमच्या गल्लीत घुसतं, धावत खाली येतं आणि काकूंच्या दुकानात मुक्काम ठोकतं. दीड दीड दिवस हलत नाही!

माझ्या घरात मात्र एकदाही पाणी शिरलेलं नाही. याचं कारण दूरदृष्टी! सहा वर्षांपूर्वी मी स्कूटर घेतली, तेव्हा ती घरात चढवायला दारासमोर सिमेंटचा रॅम्प बांधला. स्वतःच्या हातांनी! चांगला रुंद, गुळगुळीत, पार गल्लीच्या मध्यापर्यंत. कुठे फट नाही, भोक नाही. गल्लीकडच्या टोकाला एक पांढरी टाइल बसवली आणि तिच्यावर बांधकामाची तारीख कोरली. तेव्हापासून पाणी येतं, रॅम्पला टेकतं, आणि मुकाट्याने समोर काकूंकडे वळतं. ज्याच्या घरात पाणी शिरत नाही, त्यालाच पाण्याचा शांतपणे विचार करायला सवड असते. म्हणून गल्लीच्या पूरबंदोबस्त समितीचा अध्यक्ष मी!

अध्यक्ष झाल्याबरोबर मी एक तक्ता केला. कोणत्या वर्षी किती वेळा पूर आला, किती बोटं पाणी चढलं, सगळं रंगीत पेन्सिलींनी. तक्ता घेऊन पहिल्यांदा काकूंकडेच गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवून तो नीट पाहिला.

"सहाच वर्षांचा केलात? त्याआधीचं काय?"

"त्याआधी पूर नव्हताच, काकू! म्हणून तर म्हणतोय, हवामान बदललं!"

"हं," काकू म्हणाल्या. "बरोबर सहा वर्षांपूर्वी बदललं."

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. काय हुशार बाई!

मग त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं. "अध्यक्ष, एक सांगते. अजून कोणाला बोलले नाहीये. या वर्षी एकदा जरी दुकानात पाणी आलं ना, तर मी मशीनं विकून मुलाकडे जाते राहायला. तो केव्हाचा बोलावतोय. चौथा मजला आहे त्याचा. मला आता नाही हो होत. दर वेळी ताग्यांवर तागे उचलून टेबलावर ठेवायचे आणि वरच्या पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहायचं."

 काकू जाणार? दर दोन वर्षांनी माझ्या पँटी कमरेत सैल करून देणारं आणि त्याबद्दल बाहेर चकार शब्द न काढणारं माणूस मी दुसरं कुठून आणू? आणि थट्टा सोडा, सकाळी समोरून त्या मशीनचा खडखडाट ऐकू आला नाही तर आमच्या घरात दिवस उजाडल्यासारखा वाटतच नाही. मला एकदम भरून आलं. भरून आलं की मी शब्द देऊन बसतो, ही माझी जुनी खोड.

"काकू, कुठे जायचं नाही! तुमच्या उंबऱ्याला पाण्याचा थेंब लागू देणार नाही!"

"थेंब?"

"एक थेंब!"

"बरं," काकू म्हणाल्या आणि मशीनवर बसल्या.

संधीही चालून आली. नगरपालिका या पावसाळ्याआधी एका गल्लीत, आणि एकाच, मोठं गटार बांधून देणार होती. पाच गल्ल्या रांगेत होत्या. जी गल्ली स्वतःहून तयारी करून दाखवेल तिचा नंबर पहिला. पाहणीला इंजिनिअरबाई येणार होत्या, शनिवारी, सकाळी दहाला. मी रात्रंदिवस बसून बेचाळीस पानांचा आराखडा लिहिला. बायकोने तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाली, "हाच दारात ठेवला तरी पाणी अडेल."

आराखडा तीन गोष्टींवर उभा होता. पहिली भिंत. गल्लीच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांची कमरेएवढी भिंत रचायची, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत येणारच नाही. दुसरी गोष्ट टँकर. शनिवारी पाऊस कुठून आणायचा? म्हणून मी दहा हजार लिटरचा टँकर सांगितला. तो बाहेर रस्त्यावर उभा राहणार, मी एक शिट्टी वाजवली की भिंतीवर पाणी सोडणार, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करणार. तालमीत कोणी लुडबुड करू नये म्हणून टँकरवाल्याला मी लेखी आदेश दिला होता, अध्यक्षांच्या शिट्टीखेरीज इतर कोणाच्याही सांगण्यावरून पाणी सोडू अथवा बंद करू नये. खाली सही, शिक्का.

तिसरी गोष्ट म्हणजे फोनची साखळी. पाणी दिसलं की बारा नंबरने अकराला कळवायचं, अकराने दहाला, असं करत बातमी एक नंबरकडे आणि तिथून माझ्याकडे. मधलं घर गाळायचं नाही, कोणी आपली जागा सोडायची नाही. कागदावर हे फारच सुंदर दिसत होतं. अडचण एकच होती. पाच नंबर आणि सहा नंबर!

पाच नंबरला थोरले राहतात आणि सहा नंबरला धाकटे. सख्खे भाऊ. नऊ वर्षांपूर्वी थोरल्यांनी धाकट्यांची शिडी नेली आणि परत केली तेव्हा तिची एक पायरी मोडलेली होती. थोरले म्हणतात मोडकीच होती, धाकटे म्हणतात नव्हती. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. माणसं दोन्ही सोन्यासारखी, कामाला वाघ, पण समोरासमोर आले की एक आकाशाकडे बघतो आणि दुसरा चपलेकडे.

मी सहा नंबरला विचारलं, "तुम्ही पाच नंबरला फोन करू शकाल ना?"

"कोण पाच नंबर?" धाकटे म्हणाले.

पण मी कसला हार जातोय! या दोघांची एक मोठी बहीण आहे, दुसऱ्या गावात राहते, आणि ती दोघांशीही बोलते. मी साखळीत तिला घातली. सहा नंबर ताईंना कळवणार, ताई पाच नंबरला कळवणार. आमच्या गल्लीतल्या पुराची बातमी दुसऱ्या गावाला जाऊन परत आमच्या गल्लीत येणार! आराखड्याचं हे पान मला स्वतःला फार आवडलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी काकूंकडे डोकावलो. एका शाळेच्या साठ गणवेशांचं काम त्यांच्याकडे आलं होतं. निळ्या सुती कापडाचे तागे जमिनीवर पडले होते आणि काकू ते एकेक करून टेबलावर चढवत होत्या.

"हे काय चाललंय?"

"उद्या तुमचं पाणी आहे ना? उचलून ठेवते."

"काकू!" मी दुखावलो. "उद्या पाहुण्या येणार. तुम्हीच सगळं उचलून बसलात, तर आमच्या भिंतीवर त्यांचा विश्वास कसा बसायचा? राहू दे सगळं खाली! मुद्दाम राहू दे! त्यांना दिसू दे की गल्लीतली सगळ्यात तळाची बाई निर्धास्त आहे!"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "नक्की ना?"

"मी शब्द दिलाय."

त्यांनी टेबलावरचे तागे परत खाली ठेवले. नुसते आठवले तरी माझे कान गरम होतात.

शनिवारी आठ वाजताच मी इंजिनिअरबाईंना आणायला नगरपालिकेत गेलो. माझ्या पाठीमागे काय घडलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो.

साडेआठला टँकर आला. मोठ्या रस्त्यावर उभा राहतो न राहतो तोच वाहतूक पोलिसाने त्याला हाकललं. टँकरवाला सरळमार्गी माणूस. त्याने टँकर मागे घेत घेत आमच्या गल्लीत घातला, पार वळणाच्या पुढे नेऊन सावलीत लावला आणि आत बसून पेपर उघडला. हे दोघांनी पाहिलं, थोरल्यांनी आणि धाकट्यांनी. दोघं गल्लीच्या तोंडाशी पोती घेऊन उभे होते, एक डाव्या कडेला, एक उजव्या. टँकर आत शिरला हे अध्यक्षांना कळवायला हवं, हे दोघांच्याही लक्षात आलं. थोरल्यांना वाटलं, 'तो' कळवेल. धाकट्यांना वाटलं, 'तो' कळवेल. विचारणार कोण? नऊ वर्षं बोलणं नाही! तेव्हा एकाने चपलेकडे पाहिलं, एकाने आकाशाकडे, आणि नवाच्या ठोक्याला दोघांनी दोन्हीकडून भिंत रचायला घेतली. अशी भिंत रचली म्हणता! दुसऱ्यापेक्षा आपली बाजू सरस झाली पाहिजे या जिद्दीपोटी दोघांनी पोत्यांतली फट न् फट प्लॅस्टिकने बुजवली, आणि मग साखळीसाठी आपापल्या घरी फोनपाशी जाऊन बसले.

दहाला मी बाईंना घेऊन पोचलो. भिंत पाहून माझी छाती फुगली! बाई पंचेचाळिशीच्या, पायात बूट, हातात गुंडाळलेला नकाशा, बोलणं मोजकं. मी त्यांना भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला खुर्ची दिली आणि आराखडा मांडीवर ठेवला. त्यांनी तो खाली ठेवून नकाशा उघडला.

"तुमच्या गल्लीच्या तळाशी जमिनीत एक लोखंडी जाळी असायला हवी."

"जाळी? छे हो! मी तळाशीच राहतो. नकाशा जुना असेल."

"तो जुना आहेच. म्हणून तर विचारतेय."

"ते राहू द्या, आधी हे बघा!" मी म्हणालो. टँकर कुठे दिसत नव्हता. पण साडेआठची वेळ दिलेली, म्हणजे आसपास असणारच. शिट्टी ऐकली की येईल पुढे. मी छाती भरून श्वास घेतला आणि जोरात शिट्टी वाजवली.

काही झालं नाही.

म्हणजे बाहेर काही झालं नाही. आत वळणापलीकडे टँकरवाल्याने पेपरची घडी घातली, खाली उतरून आदेशाप्रमाणे झडप पूर्ण उघडली, आणि दहा हजार लिटर पाणी उताराला लागलं. छान ऊन पडलं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नाही. आणि आमच्या गल्लीत पूर आला!

मी इकडे पाच मिनिटं थांबलो, मग बाईंना म्हणालो, "टँकरला जरा उशीर होतोय. पण भिंत बघून घ्या! आहे का कुठे एक थेंब आत जायला जागा?"

बाईंनी भिंतीला हात लावला. "भिंत कोरडी आहे."

"ठणठणीत कोरडी!" मी अभिमानाने म्हणालो.

आत बारा नंबरला काकूंनी उंबऱ्यावरून पाणी येताना पाहिलं आणि नियमाप्रमाणे अकरा नंबरला, म्हणजे माझ्या बायकोला फोन केला. बायकोने दहाला केला. दहाने नऊला, नऊने आठला, आठने सातला, सातने सहाला. दोन मिनिटांत! धाकट्यांनी ताईंना लावला. ताईंना आनंद झाला. फार दिवसांनी धाकट्याचा फोन! आपला गुडघा आता कसा बरा आहे, धाकटी सून काय म्हणते, डॉक्टरांनी काय सांगितलं, सगळं सांगून झालं. मग कुठे धाकट्यांना बोलायला मिळालं, "ताई, गल्लीत पाणी आलंय, त्याला सांग." ताई म्हणाल्या, "तूच सांग ना! नऊ वर्षं झाली, आता पुरे!" धाकटे म्हणाले, "ताई, पाणी चढतंय." ताई म्हणाल्या, "एक शिडी ती काय!" आणि रडायला लागल्या.

तोवर माझी बायको पाण्यातून चालत टँकरपाशी गेली होती. "अहो, बंद करा! खाली दुकान बुडतंय!"

टँकरवाल्याने खिशातून कागद काढला. "वहिनी, मलाही दिसतंय. पण हे बघा. इतर कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. सही आहे, शिक्का आहे."

"सही माझ्याच नवऱ्याची आहे!"

"मग तर तुम्ही अजिबातच सांगू नका," तो कळवळून म्हणाला.

बाहेर मी बाईंना आराखड्याचं एकतिसावं पान वाचून दाखवत होतो, तेवढ्यात भिंतीवरून एक हात वर आला. मग दुसरा. मग बायकोचं डोकं. ती पोत्यांवर चढली, इकडे उतरली, आणि मला दिसलं की ती गुडघ्यापर्यंत भिजलेली आहे.

"अगं, जागा सोडायची नाही असं ठरलंय!"

"शिट्टी," तिने हात पुढे केला.

लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत. तो आवाज मी ओळखतो. मी शिट्टी दिली. तिने तीनदा वाजवली. वळणापलीकडे पाणी थांबलं. पण दहा हजारांतले फार तर शंभर लिटर टँकरात उरले होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एक नंबर बोलत होते. "अध्यक्ष, साखळीतून बातमी आलीये, गल्लीत पाणी शिरलंय. आणि ताईंचा गुडघा आता बराय."

मी भिंतीवरून उडी मारली. उडी म्हणजे, चढलो आणि पलीकडे पडलो. धावत वळण ओलांडलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. गल्लीचा तळ तुडुंब भरला होता. पाणी माझ्या रॅम्पला टेकलं होतं आणि तिथून वळून सरळ काकूंच्या दुकानात गेलं होतं. दुकानात मशीनची पायडलं पाण्याखाली. निळ्या कापडाचे तागे अर्धे पाण्यात, अर्धे वर. आणि काकू कापायच्या टेबलावर पाय वर घेऊन बसलेल्या, गळ्यात टेप.

हातातला आराखडा मी पाठीमागे लपवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"काकू, मी..."

"पाऊस आला असता तर मी समजून घेतलं असतं हो," काकू हळूच म्हणाल्या. "सहा वर्षं उचलत आले. फक्त आजच उचललं नाही."

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गल्लीत आधीच होतं तेवढं कमी होतं म्हणून! वाटलं, टेबलावरून उतरून त्या सरळ बॅग भरायला लागणार. चौथ्या मजल्यावर. आणि तिथवर त्यांना पोचवणारा मी.

मागून इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. कोणाशी न बोलता त्या पाण्यात उतरल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. पाण्यावर एक वाळकं पान तरंगत होतं. ते फिरत फिरत माझ्या रॅम्पच्या कडेला आलं आणि तिथेच गोल गोल फिरायला लागलं. शेजारी बारीक बुडबुडे येत होते.

"हा रॅम्प कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो. एरवी मी 'स्वतःच्या हातांनी' असंही म्हटलं असतं.

"याच्याखाली काय आहे?"

"काही नाही. म्हणजे... एक गंजकी जाळी होती. स्कूटरचं चाक अडकलं असतं म्हणून तिच्यावर पत्रा टाकला आणि..." मी बोलायचा थांबलो.

 दहा घरांतली माणसं आपापल्या दारांत आली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. बाईंनी नकाशा उघडून माझ्यापुढे धरला. तळाशी जाळीची खूण होती. बरोबर अकरा नंबरसमोर.

"आणि हे बांधलंत कधी?"

मला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. रॅम्पवर टाइल होती. टाइलवर तारीख होती. पाण्याखालूनही स्वच्छ दिसत होती, अक्षरं मी खोल कोरली होती ना!

"सहा वर्षं!" बायको म्हणाली. तक्ता तिलाही पाठ होता.

"पाऊस वाढलाय हे खरंच आहे," बाई म्हणाल्या. माझ्यावर दया आली असावी. "पूर्वी दिवसात पडायचा तो आता तासात पडतो, आणि पुढे आणखी वाढेल. पण तुमच्या गल्लीत त्याला जायला वाट होती. ती तुम्ही घरात पाणी येऊ नये म्हणून बंद केलीत."

"स्कूटरसाठी," मी पुटपुटलो. त्याने माझी बाजू काही सावरली नाही.

"अध्यक्ष," टेबलावरून काकूंचा आवाज आला, "तोडायचा का मग?"

मी मान हलवली. दुसरं काय हलवणार!

थोरले पहार घेऊन आले. धाकटे घण घेऊन आले. दोघं रॅम्पच्या दोन टोकांना उभे राहिले आणि घाव घालू लागले. सिमेंट हलेना. सांगतो ना, काम पक्कं होतं माझं! पाचसहा घाव झाले, दहा झाले, दोघांना घाम फुटला. मग थोरल्यांनी पहार रोवली, कपाळ पुसलं आणि रॅम्पकडेच बघत म्हणाले, "जरा डावीकडे मार."

धाकटे थबकले. सगळी गल्ली थबकली.

"इथे?" धाकट्यांनी विचारलं.

"आणखी डावीकडे."

घाव बसला. तडा गेला. पत्रा वाकला, आणि खालून असा आवाज आला की जणू कोणीतरी सहा वर्षं अडवून धरलेला श्वास सोडला! पाणी भोवऱ्यासारखं फिरत आत जाऊ लागलं. मी घड्याळ लावलं, सवयच आहे. बारा मिनिटं! बारा मिनिटांत गल्लीचा तळ मोकळा. काकूंच्या उंबऱ्यावरून शेवटची धार निघून गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. टँकरवाल्यानेही वाजवल्या, त्यासाठी शिट्टीची वाट पाहिली नाही.

मी दुकानात गेलो. "काकू, ते कापड..."

काकू खाली उतरून ताग्याचा कोपरा बोटांत चोळून बघत होत्या. "पाणी कुठलं होतं हो हे?"

"टँकरचं. पिण्याचं."

"हं." त्यांनी कोपरा पिळला. "सुती कापड शिवायच्या आधी भिजवून वाळवावंच लागतं. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि पोरांच्या पोटऱ्या उघड्या पडतात. उद्या बादल्या भरभरून हेच करणार होते मी." मग त्या माझ्याकडे वळल्या. "एका वेळी दहा हजार लिटर लागत नाहीत, पण भिजलंय चांगलं. थोडी माती लागलीय, ती खळबळून निघेल. आता वाळत घालायला या सगळे. मशीनं पुसून तेल घालायचंय. अध्यक्ष, तुम्ही पुसायला बसा."

"म्हणजे काकू, तुम्ही..."

"बघते हा पावसाळा. आता वाट झालीय ना पाण्याला? जायची घाई मला कुठे आहे!"

त्या दुपारी वाळूच्या भिंतीवर, गॅलऱ्यांवर, टँकरच्या शिडीवर आणि एक पायरी मोडलेल्या दुसऱ्या एका शिडीवर निळं कापड वाळत होतं. ती शिडी धाकट्यांनी आणली होती, धरली थोरल्यांनी. ताईंना दोघांनी मिळून फोन लावला. त्या पुन्हा रडल्या.

मोठं गटार शेजारच्या गल्लीला मिळालं. बाईंनी लिहिलं, 'या गल्लीस नव्या गटाराची आवश्यकता नाही. असलेले गटार अध्यक्षांपासून सुरक्षित ठेवावे.' दुसरं वाक्य त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, पण लिहिलं होतं.

पावसाळा झाला. तीनदा असा कोसळला की पलीकडचं घर दिसेना. भिंत आता आम्ही दोन्ही भावांना विचारून रचतो. तरीही थोडंफार पाणी आत आलं, धावत खाली गेलं आणि जाळीतून निघून गेलं. काकूंचा उंबरा कोरडा राहिला. माझ्या दाराशी मात्र घोट्याएवढं येऊन गेलं, आणि स्कूटर आता बाहेर भिजते. मी तक्रार करत नाही. कोणाकडे करू?

परवा पँट सैल करायला काकूंकडे गेलो होतो. त्यांनी माझी पँट टेबलावर पसरली, सुरकुती काढली आणि कापड हलू नये म्हणून वर वजन ठेवलं. पाहतो तर माझी टाइल! एक कोपरा उडालेली, पण तारीख शाबूत. अगदी माझ्या डोळ्यांसमोर, सुलट.

मी घसा साफ केला. "काकू, ती जरा उलटी ठेवता नाही का येणार?"

"येईल की," टाचण्या तोंडात धरून काकू म्हणाल्या. "पण या तारखेपासून तुमची कंबर किती इंच वाढवलीय ते मग मोजायचं कसं?"